सहा सत्रांचं समुपदेशन खरंच उपयोगी पडतं का, हे तपासायचं कसं

एखाद्या ग्रामीण रुग्णालयात, कॉलेजात किंवा संस्थेत पाच-सहा सत्रांचा समुपदेशनाचा कार्यक्रम सुरू होतो. पहिल्या दिवशी प्रश्नावली भरून घेतात, शेवटच्या सत्राला तीच पुन्हा भरून घेतात. त्रासाचे सरासरी गुण १७ वरून ९ वर आलेले दिसतात आणि अहवालात छापून येतं, ‘कार्यक्रम परिणामकारक ठरला’. देणगीदार खूश, संस्था खूश, प्रबंध असेल तर मार्गदर्शकही खूश. पण कार्यक्रमात दम आहे की नाही, हे या आकड्यांवरून कळत नाही. ते कळण्यासाठी काय करावं लागतं, त्याची ही वाट. संस्थांचे कार्यकर्ते, मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि ओपीडीत समुपदेशक नेमू पाहणारे डॉक्टर यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. उदाहरण मात्र शेवटपर्यंत मुख्यतः एकच घेणार आहे: गोव्यातली ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम’ या नैराश्यावरच्या समुपदेशन कार्यक्रमाची चाचणी. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ती केली आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली.

आधी एक आकडा: १०० पैकी ३९

गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले १८ ते ६५ वयाचे रुग्ण निवडले गेले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार आणि जोडीला समुपदेशन मिळालं, उरलेल्यांना फक्त नेहमीचे उपचार. हे नेहमीचे उपचारही थोडे सुधारलेले होते, म्हणजे डॉक्टरांना रुग्णाच्या प्रश्नावलीचा निकाल कळवला जाई आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वंही हाताशी दिलेली होती. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले. दुसऱ्या गटातले किती? ३९ टक्के.

म्हणजे समुपदेशकाचं तोंडही न पाहता दर १०० पैकी ३९ जण सावरले. याची कारणं साधी आहेत. माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत, आणि त्या टोकावरून पुढची मोजणी आपोआप खाली येते. कर्ज फिटतं, मुलीचं लग्न पार पडतं, घरातलं भांडण निवळतं. कुणीतरी आस्थेने विचारपूस केली यानेही बरं वाटतं. आणि ज्या ताईंनी सहा वेळा आपलं ऐकून घेतलं, त्यांनीच ‘आता कसं वाटतंय’ विचारल्यावर ‘काही फरक नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

गोव्यात तुलनेचा गट नसता, तर श्रेय ६४ टक्क्यांचं घेतलं गेलं असतं. खरं श्रेय मधल्या २५ टक्क्यांचं. तेही थोडं नव्हे. साधारण चार जणांना समुपदेशन दिलं की एरवी बरा झाला नसता असा एक जण बरा होतो, असा त्याचा अर्थ. पुढची सगळी खटपट हा मधला भाग प्रामाणिकपणे मोजण्यासाठी.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात मांडा

‘समुपदेशनाने मानसिक आरोग्य सुधारतं का’ हा तपासता येण्याजोगा प्रश्न नाही. कोणासाठी, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, कोणत्या मापाने आणि किती दिवसांनी, ही पाचही उत्तरं एका वाक्यात यायला हवीत. उदाहरणार्थ: ‘तालुक्याच्या रुग्णालयात येणाऱ्या, पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीवर १० किंवा जास्त गुण असलेल्या प्रौढांना सहा सत्रांचं समुपदेशन दिलं, तर फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत तीन महिन्यांनी त्यांचे गुण कमी असतात का?’

मुख्य माप एकच ठेवा, फार तर दोन. झोप, चिंता, कामावरचे खाडे, नवरा-बायकोचं नातं असं सगळं मोजायचा मोह होतो. मोजा हवं तर, पण निकाल कशावर लावायचा ते आधी लिहून ठेवा. दहा गोष्टी मोजल्या की एखादी नशिबानेच चमकते, आणि मग तीच ठळक अक्षरांत छापली जाते.

पायरी २: उपचार कागदावर उतरवा

तुमचा कार्यक्रम दुसऱ्या जिल्ह्यातल्या अनोळखी समुपदेशकाला निव्वळ पुस्तिका वाचून चालवता आला पाहिजे. गोव्याच्या कार्यक्रमात सहा ते आठ सत्रं होती, एकेक ३० ते ४० मिनिटांचं. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण देऊन तयार केलेलं होतं. गाभा होता वर्तन सक्रियणाचा. मन उदास म्हणून माणूस गोष्टी सोडत जातो आणि गोष्टी सुटल्या म्हणून आणखी उदास होतो. तेव्हा मूड सुधारायची वाट न पाहता छोट्या, ठरवलेल्या कामांपासून सुरुवात करायची.

पुस्तिकेत ‘रुग्णाला सक्रिय होण्यास प्रोत्साहन द्यावे’ असं मोघम लिहू नका. पहिल्या सत्रात काय विचारायचं, घरी करायचा तक्ता कसा भरायचा, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने तो कसा भरायचा, दुसऱ्या सत्राला तक्ता कोराच आला तर पुढे काय, रुग्ण आलाच नाही तर किती वेळा फोन करायचा, घरी जायचं का, हे सगळं त्यात हवं. कोरा तक्ता अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्याचं उत्तर पुस्तिकेत नसलं की प्रत्येक समुपदेशक आपापलं उत्तर काढतो, आणि मग तुम्ही एक उपचार तपासत नसता, पाच तपासत असता.

पायरी ३: तुलना कशाशी?

माझ्या मते चाचणीचं भवितव्य इथेच ठरतं, आणि इथेच सगळ्यात कमी विचार होतो.

सोपा पर्याय प्रतीक्षायादीचा: ‘तुमचा नंबर तीन महिन्यांनी.’ यात कुणी उपचाराला मुकत नाही, म्हणून तो नैतिक वाटतो. पण रांगेत उभा माणूस बरं होण्यासाठी स्वतःहून काही करायचं थांबवतो, ‘आता नंबर आला की बघू’. त्यामुळे अशा तुलनेत उपचार आहे त्याहून मोठा दिसतो. दुसरा पर्याय नेहमीच्या उपचारांचा, पण ते जिथे नावापुरतेच असतात तिथे तुलना शून्याशी होते. गोव्यात केलं तसं नेहमीचे उपचार थोडे सुधारून तुलनेला ठेवणं मला सगळ्यात पटतं. रुग्णावर अन्याय होत नाही आणि निकालही फुगत नाही.

तिसरी वाट म्हणजे तुलनेच्या गटालाही तितकाच वेळ द्यायचा, आहार-व्यायामावर गप्पा मारायच्या, फक्त तुमचं तंत्र वापरायचं नाही. ‘ऐकून घेण्यानेच बरं वाटलं’ या शंकेला याने उत्तर मिळतं. खर्च मात्र दुप्पट.

तुलनेचा गट किती बोलतो, ते गोव्यातल्याच आधीच्या ‘मानस’ चाचणीत दिसलं. तिच्यात समुपदेशकाच्या पुढाकाराने टप्प्याटप्प्याने उपचार देणारा कार्यक्रम तपासला होता. २०१० साली तिचे निकाल आले. २४ दवाखाने, अर्धे सरकारी, अर्धे खासगी. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण ६५.९ टक्के विरुद्ध ४२.५ टक्के, कार्यक्रमाच्या बाजूने. खासगी डॉक्टरांकडे? ६४.१ विरुद्ध ६५.९, म्हणजे फरकच नाही. तिथले तुलनेतले रुग्ण मुळातच चांगले सावरत होते. कार्यक्रम तोच, ठिकाण बदलताच निकाल बदलला. ‘परिणामकारक’ हा शब्द वापरताना ‘कुठे आणि कशाच्या तुलनेत’ हे त्याला चिकटूनच यायला हवं ते यासाठी.

पायरी ४: मोजपट्टी

नवी प्रश्नावली घरी बनवू नका. पीएचक्यू-९ मोफत आहे आणि मराठीत उपलब्ध आहे. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र आणि २० पासून तीव्र. गोव्यात १४ पेक्षा जास्त गुणांचेच रुग्ण घेतले होते. चिंतेसाठी जीएडी-७ आहे. निदानापेक्षा एकूण भावनिक त्रास मोजायचा असेल तर केसलरची दहा प्रश्नांची पट्टी किंवा जीएचक्यू-१२ पाहा. बेक यांची २१ प्रश्नांची नैराश्यपट्टी गोव्यात मुख्य माप म्हणून वापरली होती, पण ती विकत घ्यावी लागते.

प्रश्नावली विचारायची कशी, याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर सून बसली आहे, शेजारी सासू. ‘कशात मन लागत नाही, असं किती दिवस वाटलं?’ सून सासूकडे पाहते आणि म्हणते, ‘नाही, बरंय.’ गुण शून्य. तीच बाई आत एकटी बसल्यावर पंधरावर जाते. तेव्हा खोली मिळवा. दार लोटता येईल अशी कोपऱ्यातली औषधांची खोलीही चालेल. ‘गेले दोन आठवडे’ हे नुसतं म्हणून भागत नाही, ‘मागच्याच्या मागच्या बाजारापासून’ म्हटलं की माणूस नीट आठवतो. आणि ‘होतं कधीकधी’ असं उत्तर आलं की मोजणाऱ्याने स्वतःच १ टाकून मोकळं व्हायचं नाही. चारही पर्याय पुन्हा वाचून दाखवायचे: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. निवड त्याने करायची.

पायरी ५: किती माणसं लागतील

दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या (माणसांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याच्या मापाच्या) निम्मा असेल, तर तो पकडायची ८० टक्के शक्यता हवी म्हणून प्रत्येक गटात साधारण ६४ माणसं लागतात. पाचातला एक गळेल असं धरा: ८० अधिक ८०, एकूण १६०. फरक प्रमाण विचलनाच्या ०.३ इतकाच अपेक्षित असेल, तर प्रत्येक गटात १७५. संख्याशास्त्राच्या माणसाला सुरुवातीलाच गाठा. माहिती गोळा करून झाल्यावर त्याच्याकडे जाण्याची आपल्याकडची पद्धत त्याच्या काहीच कामाची नसते.

माणसांऐवजी दवाखाने किंवा शाळा गटांत वाटल्या, तर आकडा आणखी फुगतो. एकाच केंद्रातले लोक एकमेकांसारखे असतात, त्यामुळे २० जणांकडून २० जणांइतकी नवी माहिती मिळत नाही. दर केंद्रात २० जण आणि त्यांच्यातलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे अगदी सारखे) ०.०५ धरलं, तर १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ पट माणसं. जवळजवळ दुप्पट. समुपदेशक डॉक्टरांहून वेगळा असेल, तर त्याच केंद्रात माणसांचीच विभागणी करता येते. हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राममध्ये तेच केलं. पण डॉक्टरांनाच नवं तंत्र शिकवणार असाल, तर ते ‘या रुग्णाला वापरायचं, त्याला नाही’ असं पाळू शकणार नाहीत. तिथे केंद्रंच वाटावी लागतात.

एवढी माणसं मिळणारच नसतील, तर ३०-४० जणांचा पथदर्शी अभ्यास करा आणि त्याला तेच नाव द्या. किती जण तयार होतात, किती टिकतात, प्रश्नावलीला किती वेळ लागतो, हे त्यातून कळतं. उपचाराचा परिणाम त्यातून सिद्ध करू जाऊ नका.

पायरी ६: चिठ्ठ्या

कोण कोणत्या गटात, हे नशिबाने ठरलं पाहिजे आणि आधी कुणालाही कळता कामा नये. यातली दुसरी अट बहुतेकदा मोडते. सम तारखेला समुपदेशन, विषम तारखेला नेहमीचं, अशी पद्धत दिसायला निष्पक्ष आहे. पण केसपेपर काढणाऱ्या सिस्टरना ते माहीत असतं. रडत आलेल्या बाईला त्या म्हणतात, ‘ताई, तुम्ही उद्या या.’ मनात दया असते, पण त्या एका वाक्याने जास्त त्रासलेली माणसं एका गटात जमू लागतात.

म्हणून यादी संगणकावर तयार करून घ्या, चार-चार किंवा सहा-सहाच्या तुकड्यांत (प्रत्येक तुकडीत दोन्ही गट निम्मे-निम्मे), तुकड्यांचा आकार मध्येमध्ये बदलत. केंद्र आणि स्त्री-पुरुष यांनुसार वेगळी यादी केली तर दोन्ही गट आणखी सारखे राहतात. ही यादी भरतीशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवा. क्रमांक घातलेली, आतलं न दिसणारी बंद पाकिटं वापरा. क्रम असा: आधी संमती, मग पहिली मोजणी, मग पाकिटावर रुग्णाचा क्रमांक, आणि त्यानंतर पाकीट फोडायचं. बाहेरगावच्या सहकाऱ्याला फोन करून विचारण्याची पद्धतही चांगली. पाकीट उजेडात धरून पाहण्याचे उद्योग त्यात होत नाहीत.

पायरी ७: परवानग्या आणि नववा प्रश्न

नैतिकता समितीची मंजुरी नसेल तर एकाही माणसाला प्रश्न विचारायचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचावीच लागतात. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत हवं; ज्याला वाचता येत नाही त्याला साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा. भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी मोफत होते, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण भरती करण्याआधी केलेलीच नोंदणी ती स्वीकारते. मुख्य माप कोणतं, कधी मोजणार, हे तिथे सर्वांसमोर नोंदवलं जातं. नंतर निकाल पाहून माप बदलायची सोय राहत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. शून्याहून वेगळं उत्तर आलं की काय करायचं, हे भरतीच्या पहिल्या दिवसाआधी लिहिलेलं आणि सरावाने पक्कं झालेलं हवं: त्याच बैठकीत पुढचे प्रश्न कोण विचारणार, कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाला फोन जाणार, माणसाला घरी एकटं सोडायचं नाही म्हणजे नक्की काय करायचं, कीटकनाशक घराबाहेर ठेवायला कुणाला सांगायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सर्वांच्या हाती द्या, पण तो दिला म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. हे सगळं दोन्ही गटांना सारखंच लागू, ‘हा तुलनेतला आहे’ म्हणून कुणालाही मागे ठेवायचं नाही. आत्महत्येचा प्रयत्न, रुग्णालयात भरती, मारहाण अशा घटना दोन्ही गटांत सारख्याच काटेकोरपणे नोंदवा. समुपदेशनानेही कधीकधी नुकसान होतं, आणि ते शोधल्याशिवाय दिसत नाही.

पायरी ८: सत्रं चालू असताना

संमतीने सत्रांचं ध्वनिमुद्रण करा आणि त्यातली काही, समुपदेशकाने निवडलेली नव्हे तर चिठ्ठी टाकून निवडलेली, गुणांकनाच्या तक्त्यावर तपासा. गोव्यात समुपदेशक गटात बसून एकमेकांची मुद्रणं ऐकत आणि गुण देत. तज्ज्ञ मिळत नाहीत अशा ठिकाणी ही पद्धत उचलण्यासारखी आहे. कोण किती सत्रांना आला, ते नोंदवा. तुलनेच्या गटाने दुसरीकडे काय उपचार घेतले, तेही विचारा. कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन गोळ्या सुरू केलेल्या असतात.

पायरी ९: पुन्हा मोजणी

मोजणारा माणूस समुपदेशक नसावा, आणि कोण कोणत्या गटातलं हे त्याला ठाऊक नसावं. भेटीच्या सुरुवातीलाच त्याने सांगायचं, ‘काका, तुम्ही कुणाकडे जात होता, काय बोलणं झालं, ते मला सांगू नका.’ तरीही काही जण सांगतातच. म्हणून शेवटी मोजणाऱ्याला त्याचा अंदाज लिहायला लावा. अंदाज बहुतेक बरोबर येत असतील, तर पडदा फाटला होता, म्हणजे मोजणाऱ्याला गट कळले होते, असं अहवालात लिहा.

दिवस मोजायचे ते चिठ्ठी निघाल्यापासून, शेवटच्या सत्रापासून नव्हे. दोन्ही गटांची भरती आणि मोजणी बरोबरीनेच चालू द्या. एका गटाची मोजणी सुगीत आणि दुसऱ्याची ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या टंचाईत झाली, तर तुम्ही हवामान मोजाल.

आणि गळती. जे परत येत नाहीत ते एक तर बरे होऊन कामाला लागलेले असतात किंवा जास्त बिघडलेले. दोन्हीकडून निकाल वाकतो. गोव्यात तीन महिन्यांनी ४९३ पैकी ४६६ जणांची मोजणी झाली, ९५ टक्के. एवढं आपोआप होत नाही. भरतीच्या वेळीच दोन-तीन फोन नंबर घ्या, घराची खूण लिहून घ्या (‘पिठाच्या गिरणीमागे, निळं दार’ हे पत्त्यापेक्षा उपयोगी), ऊसतोडीला किंवा माहेरी जाणार असेल तर केव्हा आणि कुठे ते विचारा. समुपदेशन सोडून गेलेल्यांचीही मोजणी करायचीच, तितक्याच नेटाने. निधी मागताना गाडीखर्चाचा आकडा भीडभाड न ठेवता मोठा लिहा.

परवडत असेल तर वर्षाने पुन्हा मोजा. गोव्यात १२ महिन्यांनी फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही: ६३ टक्के विरुद्ध ४८ टक्के.

पायरी १०: आकडेमोड

प्रबंधांमध्ये सर्रास दिसणारी चूक अशी. समुपदेशन गटाचे आधीचे आणि नंतरचे गुण घेऊन टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते पाहणारं गणित): १८ वरून १०, फरक लक्षणीय. तुलनेच्या गटाची वेगळी टी-चाचणी: १८ वरून १२, लहान गट असल्याने फरक लक्षणीय नाही. निष्कर्ष: समुपदेशन परिणामकारक. हे चूक आहे. दोन्ही गटांची एकमेकांशी थेट तुलना झालेलीच नाही. विचारायचा प्रश्न हा, की नंतरच्या १० आणि १२ मधला २ गुणांचा फरक किती खात्रीचा? त्यासाठी पहिल्या मोजणीचे गुण हिशेबात धरून शेवटच्या गुणांची दोन गटांत तुलना करा, आणि ९५ टक्के विश्वासार्हता अंतर द्या, म्हणजे खरा फरक बहुधा कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल ते. गोव्यात बेक यांच्या पट्टीवर फरक ७.५७ गुणांचा होता आणि अंतर ४.८६ ते १०.२७. अगदी वाईट बाजू धरली तरी पाच गुणांच्या आसपास फायदा, असं त्यातून वाचता येतं. नुसत्या पी मूल्यावरून, म्हणजे फरक ‘लक्षणीय’ आहे की नाही हे ठरवणाऱ्या आकड्यावरून, हे कळत नाही.

एकाच सत्राला येऊन पळालेला माणूसही समुपदेशन गटातच मोजायचा. ‘पूर्ण सत्रं केलेल्यांचा’ वेगळा तक्ता दाखवायचा तर दाखवा, पण निकाल त्यावर लावू नका. टिकणारे मुळातच निराळे असतात.

पायरी ११: लिहिताना

किती जणांना विचारलं, किती अपात्र ठरले, किती नको म्हणाले, किती कोणत्या गटात गेले आणि किती शेवटी मोजले गेले, याची आकृती पहिल्याच पानांत द्या. नोंदणीत लिहिलेलं मुख्य मापच आधी सांगा, ते फसलं असलं तरी. फरक आढळला नाही तर तसं छापा, पण विश्वासार्हता अंतरासह. अंतर रुंद असेल तर ‘उपयोग नाही’ असं म्हणता येत नाही, ‘एवढ्या माणसांत ठरवता आलं नाही’ एवढंच म्हणता येतं. उपचार पुस्तिका मोफत उपलब्ध करून द्या. तुलनेच्या गटातल्या ज्यांचे गुण अजून वरच आहेत, त्यांना चाचणी संपताच समुपदेशनासाठी बोलवा, आणि त्यासाठीचा समुपदेशकाचा पगार मूळ अंदाजपत्रकातच धरलेला असू द्या.